कात्रीबाईंचं जहाज

बालवर्गातली मुलं त्यांना कात्रीबाई म्हणायची, मुलांच्या आया कात्रीबाई म्हणायच्या, आणि पुढे पुढे त्यांचे यजमानसुद्धा फोनवर "कात्रीबाई घरात नाहीत, संध्याकाळी करा" असं बिनदिक्कत सांगायला लागले.

नाव पडलं ते उगीच नव्हे. बोलता बोलता कागदाची घडी घालायची, कात्री चार-दोनदा फिरवायची आणि कागद झटकायचा, की हातात हात घातलेल्या बाहुल्यांची रांग बाहेर पडायची. आधी पेन्सिलीने आखणं वगैरे भानगड नाही. ससा म्हणा, फुलपाखरू म्हणा, तोंडाने सांगायचा अवकाश. रडणारं मूल हमखास गप्प व्हायचं. नव्याने शाळेत येणाऱ्या पोरांना आयांच्या कडेवरून उतरवायची त्यांची हीच युक्ती होती, आणि ती कधी फसली नाही.

कात्री त्यांच्या हातात आली ती वडिलांच्या दुकानात. वडील शिंपी होते. त्यांच्या पायाशी बसून ही मुलगी कपड्यांचे खाके आखून उरलेल्या कागदातून पक्षी कापायची. चित्रकलेची शिक्षिका व्हायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण शाळा संपते न संपते तोच वडिलांची नजर अधू झाली आणि कापायच्या टेबलापाशी तिला उभं राहावं लागलं. बाह्या, गळे, कॉलर. थोरला भाऊ मार्गी लागेपर्यंत वर्षं निघून गेली. मग लग्न झालं. चित्रकलेचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. पुढे बालवर्गाच्या शिक्षिकेचा छोटा अभ्यासक्रम करून त्या या शाळेत लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की इथे आपल्या हातांना कुणी आडवं येणार नाही.

खरंच कुणी आलं नाही. वर्गाच्या भिंती त्यांच्या हातच्या चित्रांनी भरून गेल्या. दर महिन्याला प्रत्येक मूल काहीतरी घेऊन घरी जायचं. कधी कापसाचं बदक, कधी कोंबडी, कधी चमकीचा मुकुट. सगळी बदकं एकसारखी, देखणी. कापलेली बाईंनी, चिकटवलेली बाईंनी, आणि डोळा तेवढा मुलाने लावलेला. डोळा एखाद्या वेळी शेपटीवर लागायचा. मूल घरी जायच्या आधी कात्रीबाई तो हळूच उचलून जागेवर लावायच्या. आया खूश व्हायच्या. "आमच्या बाळाने केलं बरं का," म्हणत बदक कपाटावर ठेवायच्या.

असं सगळं नीट चाललेलं असताना जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि नव्या आल्या.

नव्या मुख्याध्यापिका वयाने लहान होत्या, कात्रीबाईंच्या मुलीएवढ्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. कात्रीबाईंना त्याचाच जास्त राग यायचा. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी शिपायाला हाताशी धरून वर्गाचा एक कोपरा रिकामा केला आणि तिथे सामान आणून टाकलं. मोठी-छोटी खोकी, बाटल्यांची झाकणं, दोऱ्याची रिकामी रिळं, सुताराकडचे लाकडाचे तुकडे, पाइपाचे तुकडे, चिंध्या, दोरखंड, कपड्यांचे चिमटे, गोटे, एक फुटकी चाळण.

कात्रीबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हे काय आहे?"

"खेळायचं सामान," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"हे? अहो, हे तर आमच्याकडून भंगारवाला नेतो."

"त्याच्याकडूनच थोडं आणलंय," मुख्याध्यापिका हसल्या.

"मग यातून करायचं काय मुलांनी?"

"ते त्यांचं ते ठरवतील, ताई. आज खोकं म्हणजे गाडी, उद्या तेच खोकं म्हणजे गुहा. बदकाचं बदकच होतं. याचं काहीही होतं."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही बघा. कुणी मदत मागितली तर जरूर करा. नाही मागितली, तर नुसतं बघा, ऐका. तेच आपलं मोठं काम आहे."

त्या दिवशी घरी आल्यावर कात्रीबाईंनी पिशवी खुर्चीवर आपटली. यजमान गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसले होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून ती त्यांची ठरलेली जागा.

"बघणं हे काम असतं," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही एव्हाना मोठे साहेब झाला असता."

"कशावरून तापलीस आता?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

कात्रीबाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी ऐकलं आणि म्हणाले, "पगार तोच देणार आहेत ना? मग बस की आरामात."

तेव्हापासून त्यांनी घरी शाळेचं बोलणंच कमी केलं.

आरामात बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. सुरुवातीला मुलं त्यांच्याकडे यायची. "बाई, काय करू?" असं विचारायची. त्यावर "तुला काय करावंसं वाटतं?" असं म्हणायचं ठरलं होतं. कात्रीबाई ते वाक्य म्हणायच्या, पण घासात खडा आल्यासारखं. एका मुलाला तर रडूच फुटलं. "मला बदक पाहिजे," तो हुंदके देत म्हणाला. कात्रीबाईंचा जीव कळवळला. मलाही पाहिजे रे बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी मुलांनी विचारणं सोडलं. वर्गात आल्या आल्या दप्तरं टाकून ती थेट कोपऱ्याकडे धावायची. ते तर कात्रीबाईंना जास्त लागलं. त्या हात मागे बांधून खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि त्यांना वाटायचं, आपण इथे नसतो तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

आणि बघायचं तरी काय? एक मुलगा पाइपात झाकणं टाकायचा. झाकणं दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. तो ती गोळा करून पुन्हा टाकायचा. अख्खी सकाळ हेच. दोघींनी खोक्याला चिंध्या गुंडाळून झोपवलं होतं, कारण खोक्याला ताप आला होता. एकाने सगळ्या खुर्च्यांचे पाय दोरखंडाने एकमेकांना बांधून टाकले आणि मग ते सोडता येईनात म्हणून शिपायाला बोलवावं लागलं. संध्याकाळी हाती काय? पसारा.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे मिरची म्हणायचे. अंगापिंडाने बारकी, जीभ मात्र तिखट. ती एकदा लाकडाच्या तुकड्यांचं घर रचत होती. एक भिंत तिरकी झाली होती. कात्रीबाईंचे हात शिवशिवायला लागले. मुख्याध्यापिका जवळपास नाहीत असं पाहून त्या खाली वाकल्या आणि भिंत सरळ केली.

मिरचीने भिंतीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि भिंत पुन्हा तिरकी केली.

"अगं, असं ठेवलंस तर पडेल ते."

"पडायलाच पाहिजे."

"का?"

"भूकंप येणारे," मिरची म्हणाली. "तू बाजूला हो."

कात्रीबाई बाजूला झाल्या. भूकंप आला. घर धाडकन कोसळलं, चार-पाच जण आनंदाने किंचाळले आणि पुन्हा पहिल्यापासून रचायला बसले. कात्रीबाई दाणदाण पाय आपटत पाणी प्यायला गेल्या.

सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे शाळा सुटायची. फाटकापाशी आया-बाप उभे असायचे.

"कात्रीबाई, हल्ली काही पाठवत नाही तुम्ही घरी?" एक आई म्हणाली. "मोठीच्या वेळची सगळी बदकं आहेत आमच्याकडे. धाकट्याचं एकसुद्धा नाही."

एका मुलाचे वडील दोरीने करकचून बांधलेलं खोकं हातात धरून उभे होते. "हा म्हणतो, हे विमान आहे. बाई, तुम्हीच सांगा, यात विमान कुठेय?"

कात्रीबाईंना त्यात विमान दिसत नव्हतं. त्यांना मनापासून म्हणायचं होतं, की साहेब, माझ्या हातात असतं तर पंखांचं, शेपटीचं विमान दिलं असतं. पण शाळेच्या फाटकात उभं राहून शाळेच्याच विरुद्ध कसं बोलणार?

"त्याने स्वतःच्या डोक्याने केलंय ते," त्या कशाबशा म्हणाल्या. "मुलांची कल्पनाशक्ती वाढते यातून." शब्द मुख्याध्यापिकांचे, तोंड आपलं. घरी जाईपर्यंत त्या मनातल्या मनात चडफडत होत्या. ज्याची बाजू आपल्याला पटत नाही त्याची वकिली करण्याइतकी दुसरी शिक्षा नाही, असं त्या भाजीच्या दुकानात भाजीवालीलाही म्हणाल्या. तिला काही कळलं नाही, पण तिने मान डोलावली.

मग पालकांची सकाळ ठरली. पालकांनी वर्गात यायचं, मुलं कशी खेळतात ते बसून बघायचं. कात्रीबाई सजावटीचं विचारायला गेल्या.

"सजावट काही नको, ताई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलं खेळतील, तीच सजावट."

"अहो, पण लोक काय बघणार? झाकणं?"

"हो. झाकणंच बघू देत."

कात्रीबाईंना त्या रात्री धड झोप आली नाही. इतकी वर्षं ज्या वर्गाकडे बोट दाखवून लोक वाहवा करत होते, त्या वर्गात उद्या-परवा पालक येऊन पाइपात झाकणं टाकणारी पोरं बघणार आणि एकमेकांना कोपराने ढोसणार. लोक नव्या बाईंना नाही हसणार, आपल्याला हसणार. वर्ग आपला आहे.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मागे थांबल्या. शिपायाला म्हणाल्या, "जरा आवरते, किल्ली मी देते आणून."

सुरुवातीला खरंच आवरायचंच होतं. मग एक मोठं खोकं सरळ करताना त्यांना त्यात नाव दिसली. त्याला दुसरं जोडलं तर जहाज होईल. त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

इतक्या महिन्यांनी हात मोकळे झाले होते. त्यांनी खोक्यांना गोल खिडक्या कापल्या, रिळांच्या तोफा केल्या, झाकणांचे कठडे केले. पाइप एकात एक बसवून डोलकाठी उभी केली, चिंध्यांची शिडं शिवली, हो, बसून सुईने शिवली, आणि दोरखंडाच्या शिड्या वळल्या. चाळणीचं सुकाणू झालं. लाकडाच्या तुकड्यांचा धक्का, गोट्यांचा किनारा. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मान वर केली. पाठ भरून आली होती आणि त्या गुणगुणत होत्या. आपण शेवटचं असं गुणगुणलो कधी, हे त्यांना आठवेना.

वर्गाच्या मधोमध उभं केलेलं जहाज त्यांच्या खांद्यापर्यंत उंच होतं. त्या दारात उभ्या राहून किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

सकाळी मुलं आली आणि दारातच थांबली. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. मग ती हळूहळू आत आली आणि दुकानातल्या काचेच्या वस्तूंभोवती फिरावं तशी जहाजाभोवती फिरली. एकाने डोलकाठीकडे बोट नेलं आणि अर्ध्यात मागे घेतलं.

"बाई, हे तू केलंस?" मिरचीने विचारलं.

"हो. आवडलं का?"

"खूप," मिरची म्हणाली, आणि ते खरं होतं.

तेवढ्यात पालक आले. जहाज पाहून "अरे वा!" आणि "काय कमाल आहे!" सुरू झालं. जो तो आपलं मूल जहाजापुढे उभं करून फोटो काढायला लागला. विमानाच्या मुलाचे वडील पुढे येऊन म्हणाले, "याला म्हणतात काम!" कात्रीबाईंचा चेहरा फुलून आला. मुख्याध्यापिका दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा जहाजाकडे पाहिलं आणि एकदा रिकाम्या कोपऱ्याकडे.

फोटो झाले. पालक खुर्च्यांवर बसले. मुलं भिंतीला पाठ लावून बसली.

"हं, आता खेळा की," एक आजी म्हणाल्या.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पाइपात झाकणं टाकणारा मुलगा उठला, कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे काहीच नाही म्हणून परत येऊन बसला.

मिरची कात्रीबाईंपाशी आली. तिचा आवाज मुळातच मोठा होता. "बाई, आम्ही कशाशी खेळायचं? तू सगळं संपवलंस."

खुर्च्यांवरचे पालक कात्रीबाईंकडे बघायला लागले. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. मुख्याध्यापिकांनी पुढे होऊन मुलांना गाणी म्हणायला लावली आणि वेळ मारून नेली. पालक खुशीत घरी गेले. जाता जाता बहुतेकांनी कात्रीबाईंना नमस्कार केला, पण त्यांचं त्यात लक्ष नव्हतं. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

मुलं डबे खायला बसल्यावर मुख्याध्यापिकांनी त्यांना व्हरांड्यात बोलावलं.

"ताई, जहाज फार सुंदर झालंय. पण—"

"सुंदर झालंय ना? मग तेवढंच म्हणा," कात्रीबाईंचा तोल गेला. "एवढ्या दिवसांत एक चांगला शब्द ऐकला मी तुमच्याकडून, त्याच्यापुढेही 'पण' लावलात!"

"मी आजचं बोलतेय. आज मुलांचा खेळ होता."

"आणि माझं काय? माझे हात तुम्ही मागे बांधून ठेवलेत. बघा म्हणता. काय बघू? मला दुसरं काही येत नाही हो. हे एकच येतं. तेच नको म्हणता."

मुख्याध्यापिकांची नजर कात्रीबाईंच्या हातांकडे गेली. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मी हा विचार केला नव्हता," त्या म्हणाल्या. "पण ताई, ते सामान मुलांना परत द्यावं लागेल. ते मला सोडता येणार नाही."

"द्या की. मी कुठे अडवलंय?"

कात्रीबाई वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "घ्या. मोडा ते जहाज."

"खरंच?" मिरची म्हणाली.

"खरंच."

मुलांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शिडं उतरली, तोफा घरंगळत गेल्या, डोलकाठीचे पुन्हा पाइप झाले. जो मुलगा सकाळी बोट लावायला घाबरला होता, तो आता खोक्याच्या गोल खिडकीतून डोकं बाहेर काढून भुंकत होता. अख्ख्या वर्षात मुलं इतकी रंगली नव्हती, असं शिपाई नंतर म्हणाला. कात्रीबाईंनी ते पाहिलं नाही. त्या बाहेर नळापाशी नुसतंच तोंड धूत राहिल्या.

त्यांनी राजीनामा लिहायचं ठरवलं, दोनदा कागद पुढ्यात घेतला, आणि दोन्ही वेळा त्या कागदाचं हरिण झालं. यजमानांनी ती दोन्ही हरणं दूरचित्रवाणी संचावर नेऊन ठेवली. बहुधा त्यांना परिस्थितीचा अंदाज आला असावा.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी वर्गात खिडकीखाली एक लहान टेबल आणून ठेवलं. "हे तुमचं," त्या म्हणाल्या. "इथे बसून तुम्हाला हवं ते करा. मुलांसाठी नाही, वाटायला नाही, भिंतीवर लावायला नाही. तुमचं तुम्ही. मुलं येतील, नाही तर नाही येणार."

कात्रीबाईंना ही देणगी म्हणावी की शिक्षा, ते कळेना. वाटायचं नाही आणि लावायचंही नाही, तर कापायचं कुणासाठी? दोन दिवस त्या हट्टाने टेबलाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून पाय दुखले म्हणून बसल्या, आणि बसल्यावर कात्री हातात आलीच.

त्यांनी घोडा कापायला घेतला. चौखूर उधळलेला, वाऱ्यावर उडणारी आयाळ, एकेक केस सुटा. असं नाजूक काम त्यांनी मुलांसाठी कधीच केलं नव्हतं, मुलांच्या हातात ते टिकलं नसतं. कागदाचं कातरण खाली पडत होतं, घोडा हळूहळू मोकळा होत होता. थोड्या वेळाने टेबलाभोवती तीन-चार डोकी जमली. श्वास रोखून मुलं बघत होती. कात्रीबाईंना बरं वाटलं. शेवटचा खूर सोडवून त्यांनी घोडा उजेडात धरला.

"घोडा!" मुलं म्हणाली.

"पाहिजे कुणाला?" द्यायचं नाही हे ठरलेलं असूनही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मुलांनी नको म्हणून माना हलवल्या. मिरची टेबलाखाली शिरली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही मुठी कातरणाने भरलेल्या होत्या. वळलेल्या पट्ट्या, टोकदार तुकडे, आयाळीतल्या बारीक चिरफळ्या.

"बाई, हे घेऊ?"

"तो कचरा आहे गं."

"घेऊ?"

"घे."

मुलं कातरण उचलून पळाली. ते पाइपातून फुंकलं, चाळणीतून पाडलं, तापाने फणफणलेल्या खोक्याला औषध म्हणून चारलं. जरा वेळाने मिरची परत येऊन म्हणाली, "संपलं. अजून पाड." घोड्याकडे तिने पाहिलंही नाही.

त्या संध्याकाळी कात्रीबाईंनी बऱ्याच महिन्यांनी यजमानांना शाळेतली हकिकत सांगितली. सांगता सांगता त्यांचा आवाज चढत गेला. "एवढा घोडा कापला! आयाळीचा केस न् केस सुटा! आणि कार्ट्यांना हवं काय, तर कातरण! उद्यापासून मी नुसत्या चिंध्या फाडत बसते, म्हणजे झालं!"

यजमानांनी घोडा दिव्यापाशी नेऊन नीट पाहिला. पुढून पाहिला, मागून पाहिला. मग म्हणाले, "घोडा झकास आहे. पण कातरण जरा रंगीत कागदाचं पाड. पांढरं पोरांना दिसत नसेल."

कात्रीबाई त्या रात्री त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवणं झाली, भांडी आवरली. झोपण्यापूर्वी त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुनं सामान खाली काढलं, बदकांच्या चोचींसाठी आणून ठेवलेले नारिंगी कागद त्यातून वेगळे केले आणि धुसफुसत पिशवीत भरले.